शिबिराची शेवटची रात्र आणि एक अडखळणारी गोष्ट

बाई,

मी २४ वर्षांची आहे. गेली तीन वर्षं मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भोर तालुक्यातल्या एका निवासी उन्हाळी शिबिरात ताई म्हणून जाते. सहा रात्रींचं शिबिर, नऊ ते चौदा वयाची ५४ मुलं. निम्मी पुण्यातल्या सोसायट्यांमधली, पूर्ण शुल्क भरून येणारी. बाकीची वस्तीतली आणि आसपासच्या गावांमधली, सवलतीत येणारी. शेवटच्या रात्री टॅलेंट शो असतो. पालक येतात, तीन परीक्षक असतात, पदकं असतात.

गेल्या वर्षी अकरा वर्षांचा एक मुलगा विनोद सांगायला उभा राहिला. तो बोलताना अडखळतो. दुसऱ्याच वाक्याला अडकला. मागच्या रांगेतून हसू आलं. सूत्रसंचालन करणाऱ्या दादानं त्याच्या हातातून माइक घेतला आणि 'याच्यासाठी जोरदार टाळ्या' म्हणाला. मुलगा खाली उतरला तो थेट स्वयंपाकघराच्या मागे गेला आणि कार्यक्रम संपेपर्यंत तिथल्या मावशींजवळ बसून राहिला. यंदा त्याचा अर्ज पुन्हा आलाय. 'काय सादर करणार?' या रकान्यात त्यानं लिहिलंय, 'गोष्ट सांगणे'.

आमचे मोठे दादा म्हणतात, त्याच्याच भल्यासाठी त्याला दुसरं काम देऊ, पडदा ओढायला ठेवू. मी म्हटलं, मग स्पर्धाच काढून टाकू. तर म्हणाले, स्पर्धा नसली की मुलं मेहनत घेत नाहीत, आणि पालकांना काहीतरी दाखवावं लागतं. गेल्या वर्षी पहिली आलेली मुलगी यंदा सिनेमातल्या गाण्यावर नाचणार आहे, तिच्या आईनं पोशाखसुद्धा शिवून घेतलाय. त्या मुलाला उभं करावं की जपावं, मला कळत नाही. की हा कार्यक्रमच नको?

एक ताई, पुणे

*

प्रिय ताई,

तुझ्या पत्रातले दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. गोष्ट सांगणे. गेल्या वर्षी ते सगळं झाल्यावर त्या मुलानं घरी बसून तो रकाना भरलाय. 'चित्र काढणे' लिहिता आलं असतं. रिकामा सोडता आला असता. विनोदापेक्षा गोष्ट लांब असते, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. तेव्हा त्याला उभं करायचं की नाही हे ठरवायचं काम तुझ्याकडे किंवा दादांकडे उरलेलंच नाही, त्यानं ते केलंय. पडदा ओढायला ठेवलंत तर गेल्या वर्षी त्याच्या हातातून माइक घेतला, यंदा तो हातात यायच्या आधीच घेतला, एवढाच फरक होईल. त्याला गोष्ट सांगू द्या.

आता तुझ्याकडे काम उरतं ते त्याची गोष्ट ऐकू शकतील अशी त्रेपन्न मुलं पाच दिवसांत तयार करायचं. शिबिरात आपण सगळी तयारी सादर करणाऱ्यांची करून घेतो. पाठांतर झालं का, पोशाख आणलाय का, गाणं मोबाइलमध्ये आहे का, स्पीकरला जोडून बघितलं का. ऐकणाऱ्यांची तयारी कुणीच करून घेत नाही. मागच्या रांगेतली मुलं दुष्ट होती असं मला वाटत नाही. पहाटेपासून उठलेली, पोटं भरलेली, एकामागून एक नाच बघून कंटाळलेली असणार. आणि समोरचा माणूस बोलताना अडखळला तर आपण काय करायचं असतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलेलं नसणार. माइक घेणाऱ्या दादालाही सांगितलेलं नव्हतं. त्याला त्या मुलाला सोडवायचं होतं, आणि त्याला जे सुचलं ते त्यानं केलं. म्हणून त्या दादाशी आधी बोल, आणि रागानं बोलू नकोस.

पहिल्या रात्रीपासून सुरुवात कर. जेवण झाल्यावर वीस मिनिटं सगळ्यांनी गोल बसायचं. माइक नाही, दिवा एकच. रोज तिघांनी काहीतरी करायचं, ज्याला वाटेल त्यानं. पहिल्या रात्री तिघंही ताई-दादाच असू देत, आणि ज्याला जे धड जमत नाही तेच त्यानं करावं. तुला गाता येत नसेल तर गा. सूर सुटेल, शब्द विसरशील, पुन्हा आठवून कडवं पुरं करशील आणि जागेवर येऊन बसशील. मोठ्या माणसाचं चुकणं आणि चुकूनही पुरं करणं शहरातल्या मुलांना फार कमी बघायला मिळतं. शाळेत बघायला मिळत नाही, क्लासमध्ये नाही, टीव्हीवर तर नाहीच.

ऐकण्याचे नियम मुलांकडूनच काढून घे. 'तुम्ही बोलत असताना समोरच्यानं काय केलं की तुम्हाला पुढे बोलावंसं वाटत नाही?' एवढंच विचार आणि थांब. शेजाऱ्याच्या कानात कुजबुजणं, 'मोठ्यानं बोल' म्हणून ओरडणं, आपलं वाक्य त्यानंच पुरं करून टाकणं, 'हे मला माहितीये' म्हणणं, सगळं ती सांगतील. त्यातले चार नियम त्यांच्याच अक्षरात कागदावर लिहवून भोजनगृहात लाव. अडखळण्याचा उल्लेख त्यात येऊ देऊ नकोस, नाहीतर सगळ्यांच्या माना त्या एका मुलाकडे वळतील. वर्गात आणि शिबिरात मिळून बत्तीस वर्षं मी मुलांमध्ये काढली. तिसऱ्या-चौथ्या रात्रीपर्यंत मुलं एकमेकांना गप्प करायला लागतात, मोठ्यांना शिट्टी वाजवावी लागत नाही.

त्या मुलाशी मात्र पहिल्याच दिवशी एकटीनं बोल. बाजूला बोलावून, गंभीर चेहऱ्यानं नको. भाजी निवडताना, नाहीतर विहिरीकडे जाताना बोल. गेल्या वर्षी तुझं बोलणं आम्ही मध्येच तोडलं, ती आमची चूक होती, असं सरळ सांग. त्याच्याकडे अजून कुणी चूक कबूल केलेली नसेल. मग विचार, 'गोष्ट सांगताना अडकलास तर मी काय करू? नुसती बघत राहू, की तुला काही हवंय?' बहुतेक तो म्हणेल, काही करू नकोस. मग काही करायचं नाही. माइक हवा की नको, उभं राहून की बसून, समोर कोण बसलेलं चालेल, हेही त्यालाच ठरवू दे. गोलात बसलेल्या चोपन्न मुलांना ऐकू जायला माइक लागत नाही, आणि पुष्कळ मुलांना स्वतःचाच आवाज स्पीकरमधून उलटा आला की गोंधळायला होतं.

अडखळण्याविषयी थोडं सांगते, कारण ताई-दादांना हे माहीत असायला हवं. शंभरातली साधारण पाच मुलं लहानपणी केव्हा ना केव्हा अडखळतात. बहुतेकांचं आपोआप थांबतं, आणि मोठेपणी शंभरात एखाद्याचं राहतं. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये हे जास्त दिसतं. घाबरट स्वभावामुळे किंवा आईबापांनी रागावल्यामुळे माणूस अडखळायला लागतो, ही समजूत चुकीची आहे. त्याची मुळं मेंदूच्या घडणीत आणि बऱ्याचदा घराण्यात असतात. भीतीनं ते वाढतं एवढं खरं. 'सावकाश बोल', 'श्वास घे', 'आधी विचार कर' हे सांगून उपयोग होत नाही, कारण काय बोलायचं ते त्याला स्पष्ट माहीत असतं, शब्द तेवढा बाहेर येत नसतो. त्याचं वाक्य पुरं करू नये, नजर खाली घालू नये, घड्याळ बघू नये. घरातलं माणूस बोलत असल्यासारखं बघत राहावं. त्याच्या आईवडिलांनी कधी विचारलं तर वाचाउपचारतज्ज्ञांकडे जायला सांग. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणासाठी अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथेही जाता येईल. शिबिराच्या सहा दिवसांत मात्र त्याला बरं करायला कुणी जाऊ नये.

अजून एक गोष्ट दादांच्या डोक्यात येईल म्हणून आधीच सांगते. अडखळणारी माणसं गाताना सहसा अडखळत नाहीत, आणि सगळ्यांच्या बरोबरीनं एका सुरात बोलतानाही त्यांचे शब्द सुटे येतात. मग कुणीतरी म्हणेल, याला समूहगीतात घाला, पोवाड्यात मागे साथ धरणारा झीलकरी करा, प्रश्नच मिटला. त्याला आवडत असेल तर झील धरायला जरूर घ्या, 'जी जी रं जी' म्हणताना त्यालाही मजा येईल. पण गोष्टीच्या बदल्यात नको. त्यानं गोष्ट लिहिलीय.

आता शेवटच्या रात्रीचा हिशेब कर, कागद-पेन्सिल घेऊन. ५४ मुलांना प्रत्येकी तीन मिनिटं दिलीस तर १६२ मिनिटं होतात. मुलाला यायला, उभं राहायला, गाणं लावायला प्रत्येकी एक मिनिट धर, म्हणजे २१६ मिनिटं, साडेतीन तासांच्या वर. आठला सुरू झालेला कार्यक्रम साडेअकराला संपतो. पहाटे उठलेल्या नऊ वर्षांच्या पोरानं रात्री अकराला दुसऱ्याचं ऐकावं ही अपेक्षाच मुळी चूक आहे. दीड तास धर, आठ ते साडेनऊ. पाच मिनिटांना एक, म्हणजे अठरा कार्यक्रम. त्यातले सहा-सात गटांचे असले की जवळपास प्रत्येक मूल एकदा तरी उभं राहतं. ज्याला नकोच आहे त्यानं उभं राहायची सक्ती नाही.

सक्तीबद्दल मला बोलायचंच आहे. मी नवी होते तेव्हा एका शिबिरात नऊ वर्षांच्या एका मुलीला पाठीला हात लावून रंगमंचावर ढकललं. 'जा गं, काही होत नाही' असं म्हटलं. ती मधोमध उभी राहिली, तोंडातून शब्द आला नाही, आणि तिचा फ्रॉक ओला झाला. मग मी पुढे होऊन सगळ्यांसमोर तिला उचलून नेलं, तेही चुकलंच. दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिला घेऊन गेले. पुढच्या वर्षी ती आली नाही. मला त्या रात्रीचं सगळं आठवतं, तिनं माझा पदर कसा घट्ट धरला होता तेसुद्धा. नको म्हणणाऱ्या मुलाला ढकलणं आणि हो म्हणणाऱ्या मुलाला अडवणं, दोन्हींत आपण त्याचं ऐकलेलं नसतं.

स्पर्धेवर दादांशी कसं बोलायचं ते सांगते. 'बक्षीस नसलं तर मुलं मेहनत घेत नाहीत' असं त्यांना मनापासून वाटतंय, तेव्हा ते हसण्यावारी नेऊ नकोस. त्यांना एक प्रयोग सांग. १९७३ साली तो छापून आला. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची मनापासून आवड असलेली तीन ते पाच वर्षांची ५१ मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना काही न सांगता, चित्र झाल्यावर अचानक तेच प्रमाणपत्र दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तेच रंग पुन्हा ठेवले. ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं ती मुलं आता चित्रांकडे इतरांच्या निम्माच वेळ वळली. अचानक मिळालेल्या बक्षिसानं मात्र काही बिघडलं नव्हतं. म्हणजे बक्षीस विषारी असतं असं नाही. आधीपासून टांगून ठेवलं की मूल त्याच्याकडेच बघत बसतं, आणि पदक घरी गेल्यावर रंगांकडे बघायचं कारण उरत नाही. तुमच्या शिबिरातली मुलं वयानं मोठी आहेत हे खरं. पण गेल्या वर्षी ज्यांना पदक मिळालं नाही त्यांच्यापैकी किती जणांनी यंदाच्या अर्जात तीच कला पुन्हा लिहिलीय, हे तुमच्याकडचे अर्ज काढून दादांबरोबर बसून मोज. माझ्या सांगण्यापेक्षा ते त्यांना जास्त पटेल.

आपल्याकडच्या शिबिरांची रात्र परीक्षकांवर उभी नव्हती. मुला-तरुणांची शिबिरं घेणारं राष्ट्र सेवा दल ४ जून १९४१ ला सुरू झालं. त्याच्या कलापथकात निळू फुले आणि राम नगरकर घडले, स्मिता पाटीलही लहानपणी सेवा दलात होत्या. कलापथकात पोवाडा असायचा, लोकनाट्य असायचं, समूहगीत असायचं. त्यात ढोलकीवाला लागतो, झीलकरी लागतात, मागे उभं राहून ताल धरणारे लागतात, एकट्यानं काही उभं राहत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेवर 'विविध गुणदर्शन' असा शब्द असायचा, तो मला अजून आवडतो. टॅलेंट शो म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर तीन खुर्च्या आणि गुणांच्या पाट्या येतात. नाव बदललंत तरी थोडा फरक पडेल.

आता त्या नाचणाऱ्या मुलीविषयी. तिच्यावर राग धरू नकोस. तुझ्या पत्रात तिच्याबद्दल एकच वाक्य आहे आणि त्यात मला थोडा राग दिसला. ती गेल्या वर्षी पहिली आली, म्हणून यंदा तिला पहिलंच यावं लागणार आहे, आईनं पोशाख शिवलाय, आणि ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची असेल. पदकं काढून टाकलीत तर कदाचित सगळ्यात आधी तीच मोकळा श्वास घेईल. गाणं कोणतं आहे ते तिच्याबरोबर बसून ऐक, शब्द मोठ्यानं वाचा. शब्द तिच्या वयाला शोभणारे नसतील तर तिला तसं सांग, आईलाही फोन कर. जून २०१९ मध्ये केंद्रीय माहिती आणि प्रसारण मंत्रालयाला खासगी वाहिन्यांना लेखी सांगावं लागलं होतं की नाचाच्या रिॲलिटी शोमध्ये लहान मुलांना मोठ्यांच्या सिनेमातल्या, वयाला न शोभणाऱ्या हालचाली करायला लावू नका. वाहिन्यांना सांगावं लागतं, तर आपण आधीच सावध राहिलेलं बरं. पोशाख असा हवा की तो घालून तिला मातीत मांडी घालून बसता येईल आणि नाच झाल्यावर इतरांचं ऐकता येईल.

आणि तिला एक मोठं काम दे. गोफ. वर खांबाला किंवा आंब्याच्या फांदीला आठ लांब पट्टे बांधायचे, जुन्या साड्यांचे चालतील. आठ मुलं एकेक पट्टा धरून आत-बाहेर नाचत जातात तशी वेणी विणली जाते, आणि उलट नाचत गेली की सुटते. एकाचं पाऊल चुकलं की सगळ्यांची गाठ पडते. आपल्याकडे आणि गोव्यात शिगम्यालाही हा खेळ होतो. पाच दिवस रोज अर्धा तास लागेल. ती मुलगी तालाची पक्की आहे, तिलाच शिकवू दे. गाठ पडेल, सोडवावी लागेल, रागवारागवी होईल. पुण्यातली आणि गावातली मुलं पट्ट्यांना धरून एकमेकांत अडकलेली बघायला मला स्वतःला यावंसं वाटतंय.

'पालकांना काहीतरी दाखवावं लागतं' हेही खरं आहे. त्यांनी पैसे भरलेत, त्यांना मुलांना बघायचंय. मी असं करेन. रात्र मुलांची ठेवायची आणि पालकांना दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला समारोपाला बोलवायचं. रात्री पालक आले की मोबाइल वर होतात, पुढच्या खुर्च्यांवर तेच बसतात, आणि मूल मित्रांकडे बघायचं सोडून आईच्या चेहऱ्याकडे बघत राहतं. त्या मुलाला अडकताना कुणीतरी रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं तर काय, याचाही विचार करा. सकाळी गोफ दाखवा, मुलांनी केलेल्या वस्तू मांडा, फोटो काढायला एकच ताई नेमा. दादा रात्र सोडायला तयारच झाले नाहीत, तर निदान पालकांना मुलांच्या मागे बसवा आणि मोबाइल दारातल्या टोपलीत ठेवायला सांगा. पत्र आधी पाठवा, म्हणजे ऐन वेळी वाद होणार नाहीत.

सकाळच्या मांडणीत हस्तलिखित असू दे. साने गुरुजी अंमळनेरच्या छात्रालयात होते तेव्हा मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हातानं लिहून काढत. रोजचं, हातानं! तुम्ही सहा दिवसांत एक अंक काढलात तरी पुष्कळ. ज्या मुलाला उभं राहायचं नाही पण शब्द येतात, त्याला इथे जागा मिळते. आणि ज्यांची कला रात्री दिव्याखाली दिसतच नाही अशी मुलं तुमच्याकडे नक्की आहेत, विशेषतः गावातली. गोफणीनं नेम धरणारा, न बघता आवाजावरून पक्षी ओळखणारी, फुंकणीच्या दोन फुंकांत चूल पेटवणारी, आंब्याच्या शेंड्याला जाऊन येणारा. पाचव्या दिवशी दुपारी चारला याचं वेगळं सत्र ठेव, उजेड असताना. गोफणीला मोकळं रान बघ, समोर कुणी नको. 'तुला काय येतं?' असं विचारलंस तर ही मुलं 'काही नाही' म्हणतील, कारण त्यांना ते येणं वाटतच नाही. 'घरी तुला काय काय करावं लागतं?' असं विचार.

नकला आणि विनोद यांच्यासाठी माझा एकच नियम असे. ज्याची नक्कल करणार आहेस, तो समोर बसून हसेल का? दादांची करा, माझी करा, कोंबड्याची, लाल एसटीची करा. एखाद्याच्या बोलण्याची, रंगाची, जाडीची, गावाकडच्या हेलाची नको. हा नियमही पहिल्याच रात्री सांग, ऐन वेळी कात्री लावू नकोस.

रात्रीच्या बारीकसारीक गोष्टी. मे अखेरीस गवत वाळून कडकडीत झालेलं असतं, शेकोटी करायची तर जागा खणून, पाचोळा दूर करून, लहानशी, आणि शेजारी भरलेल्या दोन बादल्या. वारा असेल तर शेकोटी नकोच, कंदील पुरतात. वळीव आला तर कुठे बसायचं ते आधी ठरवून ठेव. त्या दिवसांत तुमच्या भागात काजवे असतील तर मोठे दिवे लावूच नका. साडेनऊला, म्हणजे पदकं वाटायची त्या वेळेला, बॅटऱ्या बंद करून सगळ्यांनी पाच मिनिटं झाडांकडे बघत बसा.

सुरुवात त्या स्वयंपाकघरातल्या मावशींना करायला सांग. गेल्या वर्षी त्या मुलाजवळ बसलेल्या त्याच ना? त्यांना जात्यावरच्या ओव्या येत असतील, एखादं मंगळागौरीचं गाणं येत असेल. त्यांना चार दिवस आधी विचार, म्हणजे 'अगंबाई, मला कुठे' म्हणायला आणि मग हो म्हणायला वेळ मिळेल. त्या रात्री मुलांच्या पंगतीत बसू शकतील असं बघ, भांडी दादा लोक घासतील.

त्या मुलाला पहिला ठेवू नकोस, शेवटचा तर अजिबात नको, शेवटच्याची वाट बघून हातपाय गार पडतात. नाचाच्या मागोमाग नको, नाचानंतर मुलं पाचेक मिनिटं जागेवर बसत नाहीत. पाचवा किंवा सहावा ठेव. त्याच्या आधी सगळ्यांनी मिळून म्हणायचं एखादं संथ गाणं असू दे, म्हणजे गोल शांत झालेला असेल. त्याचं नाव इतरांचं घेता तसंच घ्या. 'आता आपला एक धाडसी मित्र' असं काही म्हणायचं नाही. त्याला पाच मिनिटांची मर्यादा लावू नकोस. त्याचा हिशेब तू मनात दहा मिनिटं धर आणि दुसरं काहीतरी कमी कर, त्याला कळू न देता.

तो अडकेल. गोष्टीत कुठेतरी नक्की अडकेल. तेव्हा तू त्याच्या समोर बसलेली अस, त्याला दिसेल अशी. टाळ्या नकोत, 'हं, हं, पुढे' नको. ती शांतता तुला फार लांब वाटेल. त्याला ती रोजची आहे. शेजारचं एखादं पोर चुळबुळलं तर नुसता हात ठेव त्याच्या गुडघ्यावर. शब्द येईल. गोष्ट संपली की इतरांना वाजवता तेवढ्याच टाळ्या वाजवा, आणि पुढचं नाव घ्या.

तू म्हणतेस, की हा कार्यक्रमच नको? हवा गं. त्या मुलानं वर्षभर त्याची वाट बघितलीय.

जूनमध्ये मला पत्र लिही. कार्यक्रम कसा झाला, दादा काय म्हणाले, हे थोडक्यात चालेल. गोष्ट कोणती होती ती मात्र सबंध लिहून पाठव, त्याची परवानगी विचारून.

तुझी,
बाई